कार्टिलेजचे तीन प्रकार, त्याची रचना, आणि झिजल्यावर ते भरून का येत नाही

प्रश्न असा आहे की कार्टिलेज, म्हणजे कूर्चा, हे नक्की काय, त्याचे प्रकार किती, ते काय काम करतं, आणि जाता जाता एक उपप्रश्न, की नाकात, कानात, गुडघ्यात सगळीकडे कार्टिलेजच असेल तर झिजतं ते गुडघ्यातलंच का आणि एकदा गेलं की परत का येत नाही. मी हाडं-सांध्यांची सर्जरी करतो त्यामुळे हा टिश्यू कायम डोळ्यांसमोर असतो. या उपप्रश्नाचं उत्तर रचनेतच दडलंय, म्हणून नुसते तीन प्रकार पाठ करून हाती फार काही लागत नाही. उत्तर लांबेल, पण नीट सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कार्टिलेजमध्ये रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात, लसीकावाहिन्याही नसतात. शरीरात इतर कुठे कापलं की आधी रक्त येतं, मग गुठळी होते, त्या गुठळीत दुरुस्ती करणाऱ्या सेल्स येतात आणि जखम भरत जाते. कार्टिलेजला चीर गेली तर यातली पहिलीच पायरी होत नाही. रक्तच नाही तर गुठळी कुठून येणार, आणि मज्जातंतू नाहीत म्हणजे दुखतही नाही, त्यामुळे आत काही बिघडलंय हे माणसाला कळेपर्यंत कधी कधी वर्षं निघून जातात. मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातल्या हाडांमधल्या गाद्या आणि मणक्यातली गादी यांच्या बाहेरच्या कडेला हा नियम थोडा मोडतो, त्यातल्या मेनिस्कसवर पुढे येतो.

मग त्यात असतं तरी काय? मुख्यतः पाणी. सांध्यातल्या कार्टिलेजच्या वजनात साधारण ६५ ते ८० टक्के पाणीच असतं. उरलेल्यात सगळ्यात मोठा वाटा कोलॅजन या चिवट तंतूंच्या प्रोटीनचा, त्याखालोखाल प्रोटिओग्लायकन नावाच्या भल्यामोठ्या रेणूंचा, आणि जिवंत सेल्स म्हणजे कॉन्ड्रोसाइट्स, त्या मोठ्या माणसाच्या सांध्यात आकारमानाच्या जेमतेम १ ते ५ टक्के. या सेल्स आपापल्या छोट्या पोकळीत बसलेल्या असतात, त्या पोकळीला लॅक्युना म्हणतात. कधी एकेकट्या, कधी दोन-चारच्या घोळक्यात, कारण एका सेलच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या तरी आजूबाजूचा माल इतका घट्ट असतो की त्यांना लांब सरकायला वावच नसतो. हा आजूबाजूचा माल म्हणजे मॅट्रिक्स, तो याच सेल्सनी तयार केलेला असतो आणि त्याची देखभालही त्यांनाच करायची असते, तीसुद्धा अतिशय कमी ऑक्सिजनवर. एवढ्या थोड्या सेल्सवर एवढं मोठं काम आहे, हे लक्षात ठेवा.

आता कार्टिलेज दाब कसा सहन करतं ते बघू, मला स्वतःला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो. प्रोटिओग्लायकनमधला मुख्य रेणू म्हणजे अ‍ॅग्रिकॅन. एका लांब प्रोटीनच्या धाग्याला कॉन्ड्रॉइटिन सल्फेट आणि केरॅटन सल्फेट यांच्या साखळ्या दोन्ही बाजूंनी लागलेल्या असतात, आणि असे अनेक अ‍ॅग्रिकॅन हायल्युरॉनिक अ‍ॅसिडच्या आणखी लांब धाग्यावर ओळीने अडकवलेले असतात. या साखळ्यांवर ऋण भार असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात आणि वर सोडियमचे धन आयन ओढून घेतात, सोडियम आलं की त्याच्यामागे पाणी येतं, म्हणजे हा रेणू सतत फुगायला बघत असतो. त्याला फुगू देत नाही ती कोलॅजनची जाळी, ती सगळीकडून आवळून धरते. ओला स्पंज त्याच्या पूर्ण फुगण्याआधीच घट्ट जाळीत शिवून टाकला तर तो आतून कायम ताणलेला राहील, तशीच ही परिस्थिती. तुम्ही उभे राहता तेव्हा वजन आधी पडतं ते या अडकलेल्या पाण्यावर. पाण्याला लगेच बाहेर पडता येत नाही कारण मॅट्रिक्समधल्या वाटा अतिशय बारीक असतात, त्यामुळे सुरुवातीला ९० टक्क्यांहून जास्त भार पाण्याचा दाबच उचलतो आणि घन भागावर फार थोडा येतो. तसंच उभं राहिलात तर पाणी हळूहळू बाहेर झिरपतं, कार्टिलेज किंचित पातळ होतं, आणि वजन काढलं की अ‍ॅग्रिकॅन ते पाणी परत ओढून घेतो.

हे आत-बाहेर जाणं फक्त भार पेलण्यापुरतं नाहीये, कार्टिलेजचं जेवणही त्यातूनच येतं. रक्त नाही म्हटल्यावर ग्लुकोज, ऑक्सिजन आणि बाकीचे पोषक घटक येतात ते सांध्यातल्या द्रवातून, ज्याला आपण सगळे वंगण म्हणतो. हा द्रव सांध्याच्या आतल्या अस्तराने म्हणजे सायनोव्हियमने बनवलेला असतो आणि हालचालीने दाब पडतो-सुटतो तेव्हा त्याची चांगली देवाणघेवाण होते. अनेकदा बैठका मारल्या की गुडघ्याच्या वाटीच्या मागचं कार्टिलेज पाचेक टक्क्यांनी आकसतं आणि साधारण दीड तासात पूर्ववत होतं, हे एमआरआयने मोजून बघितलेलं आहे. उलट बाजूने, मणक्याला मार लागून ज्यांचे पाय हलत नाहीत अशा लोकांच्या गुडघ्यातलं कार्टिलेज काही महिन्यांतच पातळ व्हायला लागतं, सांध्याला काहीही इजा नसताना. म्हणून "गुडघे झिजतील म्हणून चालणं बंद केलं" असं पेशंट सांगतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण कार्टिलेजला अन्न पोचवायचा तोच तर मार्ग होता. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० च्या दशकात सशांवर प्रयोग करून दाखवलं की सांधा प्लास्टरमध्ये बांधून ठेवण्यापेक्षा सतत हळूहळू हलवत ठेवला तर कार्टिलेजची जखम जास्त चांगली भरते, आणि सर्जरीनंतर गुडघा आपोआप हलवणारं जे मशीन लावतात ते त्याच कामातून आलं. त्याआधी सांध्याची सर्जरी झाली की सांधा गच्च बांधून ठेवायचा हीच पद्धत होती.

आता प्रकार. तीन आहेत, हायलाइन, इलॅस्टिक आणि फायब्रोकार्टिलेज, आणि तिघांत फरक आहे तो मुख्यतः मॅट्रिक्समध्ये कोणते तंतू आहेत आणि किती आहेत याचा.

हायलाइन सगळ्यात जास्त ठिकाणी सापडतं. निळसर पांढरं, गुळगुळीत, चमकदार. यात टाइप २ कोलॅजन असतं आणि त्याचे तंतू इतके बारीक की साध्या मायक्रोस्कोपमध्ये वेगळे दिसतच नाहीत, सगळं एकसंध वाटतं. सांध्यात हाडांच्या टोकांवर हेच, बरगड्या पुढे उरोस्थीला जोडलेल्या असतात तिथे हेच, नाकाच्या मधल्या पडद्याचा पुढचा भाग, स्वरयंत्रातली मोठी कार्टिलेजेस, श्वासनलिकेच्या कड्या, सगळं हायलाइन. श्वासनलिकेला अशा साधारण १६ ते २० कड्या असतात आणि त्या पूर्ण गोल नसतात, मागच्या बाजूला उघड्या असतात. तिथे लगेच मागे अन्ननलिका आहे, घास उतरताना तिला फुगायला जागा लागते. कड्या नसत्या तर जोरात श्वास आत घेताना नळी आतल्या आत चिकटली असती. पूर्ण गोल कडी एकच, श्वासनलिकेच्या वरची क्रिकॉइड, ती स्वरयंत्राचा भाग आहे. बरगड्यांच्या पुढचं कार्टिलेज छातीला लवचिकपणा देतं, दर श्वासाला पिंजरा थोडा उचलला जातो आणि थोडा वळतो तो त्याच्यामुळे. वय वाढलं की त्यात कॅल्शियम साचत जातं आणि छाती कडक होते, एक्स-रेत ते पांढरं दिसायला लागलं की घाबरायचं कारण नसतं.

सांध्यातल्या हायलाइन कार्टिलेजवर जरा थांबतो कारण खरी चिंता लोकांना त्याचीच असते. जाडी साधारण २ ते ४ मिलीमीटर, बोटांच्या सांध्यांत त्याहून कमी, आणि गुडघ्याच्या वाटीच्या मागे ६-७ मिलीमीटरपर्यंत, ते शरीरातलं सगळ्यात जाड. एवढ्या जाडीत पण थर आहेत. वरच्या पातळ थरात कोलॅजनचे तंतू पृष्ठभागाला समांतर, एकमेकांना खेटून, म्हणजे घासण्याचा ताण ते घेतात. मधल्या थरात तंतू तिरपे-आडवे कसेही, आणि खालच्या थरात सरळ उभे, हाडात रोवलेले. त्याखाली एक सीमारेषा दिसते, तिला टाइडमार्क म्हणतात, मग कॅल्शियम साचलेलं कार्टिलेज आणि मग हाड. तंतू हाडातून उभे वर येतात, पृष्ठभागाजवळ कमान करून वळतात आणि परत खाली जातात हे जर्मन शरीररचनातज्ज्ञ बेनिंगहॉफ यांनी १९२५ मध्ये मांडलं होतं आणि अजूनही शिकवताना तेच चित्र काढतात. वरच्या थरातल्या सेल्स लुब्रिसिन नावाचं प्रोटीन बनवतात, ते आणि हायल्युरॉनिक अ‍ॅसिड मिळून पृष्ठभाग इतका निसरडा ठेवतात की निरोगी सांध्यातलं घर्षण बर्फावर बर्फ घासण्यापेक्षाही कमी भरतं. जन्मभर हजारो पावलं रोज टाकून सांधा टिकतो तो यामुळेच.

अजून एक तपशील सांगतो, तो पुढे कामाला येईल. बहुतेक ठिकाणच्या हायलाइनवर आणि सगळ्या इलॅस्टिक कार्टिलेजवर एक आवरण असतं, पेरिकॉन्ड्रियम. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात आणि नवीन कार्टिलेज तयार करू शकणाऱ्या सेल्सही असतात. आतल्या कार्टिलेजला जे काही मिळतं ते या आवरणातून झिरपत जातं. सांध्यातल्या पृष्ठभागावर मात्र हे आवरण नसतं, असूच शकत नाही, कारण दोन हाडांमध्ये रक्तवाहिन्यांचं आवरण दर पावलाला चिरडलं गेलं असतं. म्हणजे गुळगुळीतपणासाठी शरीराने तिथे दुरुस्तीची सोय सोडून दिली आहे. तुमच्या "गुडघ्यातलंच का" या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे, आणि उरलेलं अर्धं म्हणजे भार. कानावर कोणी उभं राहत नाही.

हायलाइनचं आणखी एक काम लोकांना माहीत नसतं, हाडं बनवणं. पोटातल्या बाळाचा बहुतेक सांगाडा आधी हायलाइन कार्टिलेजचाच तयार होतो आणि मग त्याची हळूहळू हाडं होतात. जन्मानंतरही लांब हाडांच्या टोकांजवळ कार्टिलेजची एक चकती शिल्लक राहते, ती ग्रोथ प्लेट. तिच्यात सेल्स रांगेने विभागतात, मग फुगतात, मग आजूबाजूला कॅल्शियम साचतं, रक्तवाहिन्या आत घुसतात आणि हाड तयार होतं, उंची वाढते ती अशी. वयात येताना इस्ट्रोजेनमुळे, मुलांमध्येसुद्धा इस्ट्रोजेनमुळेच, ही प्लेट बंद होते, मुलींची आधी, मुलांची साधारण दोनेक वर्षं नंतर. एकदा बंद झाली की उंची वाढवण्याच्या कुठल्याही पावडरीने, लटकण्याने काहीही होत नाही, त्यावर पैसे घालवू नका. एफजीएफआर३ नावाच्या जीनमध्ये एक बदल झाला की या प्लेटमधलं काम मंदावतं आणि हातपाय आखूड राहतात, त्याला अ‍ॅकॉन्ड्रोप्लेशिया म्हणतात, आणि अशा मुलांपैकी सुमारे ८० टक्के मुलांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात. लहान मुलाचा सांध्याजवळ हात-पाय मोडला तर मोडलेल्या रेषेत ग्रोथ प्लेट आहे का हे आम्ही आधी बघतो, वर सांगितलेले सॉल्टर आणि त्यांचे सहकारी हॅरिस यांनी १९६३ मध्ये त्याचे पाच प्रकार पाडले, आजही तेच वापरतात. ती प्लेट दुखावली तर हाड आखूड किंवा वाकडं वाढू शकतं, म्हणून मुलाच्या अशा फ्रॅक्चरला "मुलांचं लवकर जुळतं" म्हणून सोडून देऊ नका.

इलॅस्टिक कार्टिलेज थोडक्यात. टाइप २ कोलॅजन असतंच, वर इलॅस्टिनच्या तंतूंचं दाट जाळं, त्यामुळे रंग पिवळसर आणि कितीही वाकवलं तरी सोडल्यावर मूळ आकारात येतं. बाहेरचा कान, कानाच्या नळीचा बाहेरचा भाग, कान आणि घसा जोडणाऱ्या युस्टेशियन ट्यूबचा काही भाग, आणि एपिग्लॉटिस म्हणजे गिळताना श्वासाचा मार्ग झाकणारी पडदी. कानाची खालची पाळी यात येत नाही, तिथे नुसती चरबी आणि त्वचा. म्हणूनच पाळीला टोचलं तर सहसा लवकर भरतं आणि वरच्या कडक भागाला टोचून इन्फेक्शन झालं तर ते त्रासदायक ठरतं. तिथे रक्तपुरवठा फक्त आवरणातून, पू आवरणाखाली साचला की कार्टिलेजचं पोषण तुटतं आणि कान कायमचा वेडावाकडा होऊ शकतो. कुस्तीगीर आणि बॉक्सर लोकांचे कान जाड, गोळा झालेले दिसतात त्याचं कारणही तेच, मार लागून आवरण आणि कार्टिलेज यांच्यात रक्त साचतं, ते वेळेत काढलं नाही तर खालचं कार्टिलेज मरतं आणि आवरणातल्या सेल्स तिथे ओबडधोबड नवीन कार्टिलेज आणि तंतू भरतात. नाकाचा पडदा हायलाइन आहे पण धोका हाच. नाकाला मार लागल्यावर नाकाच्या आत मधल्या पडद्यावर मऊ फुगवटा दिसत असेल, नाक दोन्हीकडून बंद झालं असेल, तर त्याच दिवशी दाखवा, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, कारण ते साचलेलं रक्त तसंच राहिलं तर पडदा विरघळून नाकाचा पूल बसू शकतो.

तिसरं फायब्रोकार्टिलेज. याच्यात टाइप १ कोलॅजनच्या जाडजूड दोऱ्या असतात, थोडं टाइप २ पण, अ‍ॅग्रिकॅन कमी, आणि पेरिकॉन्ड्रियम नसतं. दिसायला पांढरं, अपारदर्शक, ओढलं तर सहजी तुटत नाही. जिथे दाब आणि ओढ दोन्ही एकदम येतात तिथे हे असतं. मणक्यांमधल्या गादीचं बाहेरचं कडं, जघनास्थीचा पुढचा सांधा, गुडघ्यातले मेनिस्कस, खांदा आणि खुब्याच्या खोबणीभोवतीची कड म्हणजे लॅब्रम, जबड्याच्या सांध्यातली चकती. जबड्याच्या सांध्यात तर हाडांच्या टोकांवरसुद्धा हायलाइन नसून फायब्रोच असतं, हा अपवाद परीक्षेला हमखास विचारतात. मणक्यातल्या गादीत मधे जेलीसारखा पाणीदार गर आणि भोवती तंतूंचे एकावर एक थर, प्रत्येक थरातल्या तंतूंची दिशा वेगळी. दिवसभर उभं राहून-बसून या गाद्यांतलं पाणी थोडं निघून जातं, त्यामुळे संध्याकाळी उंची सकाळपेक्षा साधारण एक टक्क्याने कमी भरते आणि रात्री झोपलं की परत येते. "गादी सरकली" म्हणतात तेव्हा अख्खी गादी कधीच सरकत नाही, बाहेरचं कडं चिरतं आणि आतला गर बाहेर येतो.

मेनिस्कस दोन असतात, आतल्या बाजूचा आणि बाहेरच्या बाजूचा. मांडीच्या हाडाचं टोक गोल आणि नडगीचं जवळजवळ सपाट, त्यामुळे मधे हे नसतील तर सगळं वजन एका छोट्या ठिपक्यावर येईल. मेनिस्कस तो भार पसरवतात, गुडघ्यावरच्या भाराचा निम्म्याहून जास्त हिस्सा त्यांच्यातून जातो. एके काळी यांना निरुपयोगी समजून फाटले की सरळ काढून टाकायचे. १९४८ मध्ये ब्रिटिश सर्जन फेअरबँक यांनी अशा पेशंटांचे नंतरचे एक्स-रे तपासले आणि त्यात सांध्याची फट कमी होणं, हाडाला कड फुटणं असे बदल दाखवले, तरी प्रत्यक्षात सवय बदलायला पुढे बरीच दशकं गेली. आता जितका वाचेल तितका वाचवायचा हा नियम आहे. आणि इथे रक्ताचा मुद्दा परत येतो. मेनिस्कसच्या बाहेरच्या साधारण १० ते ३० टक्के भागात रक्तवाहिन्या असतात, तिथली फाट शिवली तर भरण्याची चांगली शक्यता असते, आतल्या पातळ कडेला रक्त नसतं, तिथे टाका टिकणं अवघड.

आता भरून न येण्याबद्दल. १७४३ मध्ये विल्यम हंटर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यातल्या कार्टिलेजवर निबंध मांडला, त्यात एकदा नष्ट झालेलं कार्टिलेज परत येत नाही हे स्पष्ट नोंदवलेलं आहे, आणि मूळ मुद्दा अजून तसाच आहे. कारण काय ते २०१६ साली एका डॅनिश टीमने फार छान दाखवलं. १९५० आणि ६० च्या दशकात अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, अचानक वाढलं होतं, त्यामुळे एखादा टिश्यू कुठल्या काळात तयार झाला हे त्यातल्या कार्बन-१४ वरून ओळखता येतं. त्यांनी गुडघ्यातलं कार्टिलेज तपासलं, तर मोठ्या माणसाचं कोलॅजन जवळपास सगळं त्याच्या वाढीच्या वयातच बनलेलं निघालं, नंतर त्यात भर पडलेली नाही, रोग असलेल्या सांध्यातसुद्धा नाही. अ‍ॅग्रिकॅन मात्र काही प्रमाणात नवीन बनत राहतो. म्हणून झीज सुरू होताना नुसता अ‍ॅग्रिकॅन कमी झाला असेल तर ते थोडंफार सावरू शकतं, पण एकदा कोलॅजनची जाळी तुटली की पाणी आत धरून ठेवणारं कोणी उरत नाही, कार्टिलेज आधी सुजतं, मऊ होतं, मग पृष्ठभाग दोऱ्यादोऱ्यांनी सुटतो आणि शेवटी हाड उघडं पडतं.

चीर वरवरची असेल तर ती तशीच राहते, भरत नाही. चीर खोल जाऊन हाडातल्या मज्जेपर्यंत पोचली तर मात्र तिथून रक्त येतं, सेल्स येतात आणि खड्डा भरतो, पण भरतो तो मुख्यतः फायब्रोकार्टिलेजने. तिन्ही प्रकार नीट समजून घ्यायचे ते याचसाठी. टाइप १ कोलॅजनचा तो माल ओढ सहन करायला चांगला, पण सांध्यावरचं घासणं आणि दाब त्याला हायलाइनइतका पेलत नाही. स्टेडमन यांनी १९८० च्या दशकात प्रचारात आणलेली मायक्रोफ्रॅक्चर सर्जरी हेच मुद्दाम करते, हाडाला बारीक भोकं पाडायची आणि रक्त येऊ द्यायचं. छोट्या खड्ड्यात, तरुण पेशंटमध्ये सुरुवातीची काही वर्षं चांगली जातात, नंतर फायदा ओसरत जातो. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला ब्रिटबर्ग आणि पीटरसन यांनी १९८७ पासून दुसरा मार्ग धरला, पेशंटच्याच कार्टिलेजचा तुकडा घ्यायचा, लॅबमध्ये सेल्स वाढवायच्या आणि परत बसवायच्या, त्याचे निकाल त्यांनी १९९४ मध्ये छापले. हंगेरीचे हँगोडी यांनी कमी भार येणाऱ्या जागेचे हाडासकट छोटे गोल तुकडे काढून खड्ड्यात बसवायची पद्धत आणली, त्यात खरं हायलाइन मिळतं पण तुकडे किती काढणार याला मर्यादा. हे सगळे उपाय एखाद्या ठिकाणी पडलेल्या खड्ड्यासाठी आहेत, अख्खा सांधा झिजलेला असेल तर यातलं काही चालत नाही, तिथे कोणी "स्टेम सेलने कार्टिलेज परत उगवतो" म्हणून मोठी रक्कम मागत असेल तर कृपा करून आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

गोळ्या-इंजेक्शनांचं विचारतातच. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनची अमेरिकेत मोठी चाचणी झाली, १५०० हून जास्त पेशंट होते, निकाल २००६ ला आला, एकूण गटात वेदना कमी करण्यात त्या गोळ्या साध्या खोट्या गोळीपेक्षा ठळक सरस ठरल्या नाहीत. तोंडाने घेतलेलं कार्टिलेज पोटात पचतं, ते थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. स्टिरॉइडचं इंजेक्शन सुजलेल्या सांध्याला काही आठवडे आराम देतं, पण २०१७ च्या एका अभ्यासात दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ते दिलं तर दुखण्यात फरक पडला नाही आणि कार्टिलेज उलट जास्त पातळ झालं, म्हणून ते सारखं सारखं घ्यायचं औषध नाही. वजन मात्र खरंच फरक करतं. जाड आणि गुडघेदुखी असलेल्या लोकांमध्ये मोजलंय की १ किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो, आता दिवसाची पावलं गुणून बघा. आणि मांडीचे स्नायू मजबूत ठेवणं, कारण धक्का आधी स्नायूंनी झेलायचा असतो.

रिपोर्टबद्दल एक सांगतो. एक्स-रेत कार्टिलेज दिसत नाही, दिसते ती दोन हाडांमधली फट, आणि ती कमी झाली की आम्ही म्हणतो गॅप कमी झालाय. ती फट उभं राहून काढलेल्या एक्स-रेतच खरी कळते, झोपून काढलेल्यात फसगत होते. एमआरआयमध्ये कार्टिलेज दिसतं पण तिथे वेगळीच गंमत होते, वयाबरोबर जवळपास प्रत्येकाच्यात काही ना काही सापडतं. एका मोठ्या अभ्यासात मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांपैकी ज्यांचा मेनिस्कस फाटलेला दिसला त्यातल्या साधारण ६० टक्क्यांना गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. दुखतं ते कार्टिलेजमुळे थेट नाही, त्याला मज्जातंतूच नाहीत, दुखतं खालचं हाड, सुजलेलं अस्तर, सांध्याभोवतीचं ताणलेलं आवरण. म्हणून रिपोर्ट वाईट आणि माणूस मजेत फिरतोय, किंवा रिपोर्ट बरा आणि माणूस बेजार, दोन्ही आम्ही बघतो, आणि उपचार माणसाच्या त्रासावरून ठरवतो.

गुडघा मुरगळला तर डॉक्टरला एक गोष्ट नक्की सांगा, सूज किती वेळाने आली. तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त आलंय असं धरून चालतो, म्हणजे ज्याला रक्तपुरवठा आहे असं काहीतरी तुटलंय, लिगामेंट, मेनिस्कसची बाहेरची कड, किंवा कार्टिलेजबरोबर हाडाचा तुकडा, आणि ते लगेच तपासायला हवं. दुसऱ्या दिवशी हळूहळू आलेली सूज बहुतेकदा नुसत्या द्रवाची असते, मेनिस्कसचा आतला भाग किंवा कार्टिलेज दुखावलेलं असू शकतं, तिथे एक-दोन आठवडे बघायला वेळ असतो. गुडघा मधेच अडकून सरळच होत नसेल तर मात्र सूज असो वा नसो, थांबू नका, सांध्यात तुकडा अडकलेला असू शकतो आणि तो दर हालचालीला चांगलं कार्टिलेज खरवडत राहतो.